प्रार्थनेला बसणारा मोठा, की खराटा धरणारा?

पेढीकाठचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायला बसलो, कारण एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातलं, पेढी नदीच्या काठचं. मारुतीच्या देवळापुढे ओटा आहे, बाजूला जुनी विहीर. त्या ओट्यावर रोज दिवेलागणीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते. मी लहान होतो तेव्हा पन्नास-साठ माणसं बसायची, आता आठ-दहा. तेवढी तरी टिकली ती एका म्हाताऱ्या माणसामुळे. इथे त्यांना नुसतं दादाजी म्हणतो. पांढरी टोपी, हातात खंजेरी, आणि चाळीसेक वर्षांत न चुकलेली प्रार्थना. अंगात ताप असला तरी कांबळं पांघरून येऊन बसत. गेल्या महिन्यात दादाजी गेले.

तेरवीच्या पंगती उठल्यावर मांडवात दहा-बारा जण बसलो होतो. एक जण म्हणाला, "दादाजीनं प्रार्थना कधी सोडली नाई, हे खरं. पण गावची नाली उपसाले कधी आले का? खराटा धरला का हातात?" दुसरा लगेच चिडला, "मेलेल्या माणसाचं काय बोलतं बे?" पण विषय निघाला तो निघालाच.

नाव निघालं आमच्या ट्रॅक्टरवाल्या भाऊचं. हा माणूस प्रार्थनेला कधी बसत नाही. देवळात नारळ फोडताना मी त्याला पाहिलेला नाही. पण गावात कोणाचं काही अडलं की आधी तोच दिसतो. दादाजींचंच सांगतो. शेवटच्या चार-पाच महिन्यांत त्यांना दर आठ-पंधरा दिवसांनी दवाखान्यात न्यावं लागे. पावसाळ्यात आमच्या पांदण रस्त्यावर गाडी चढत नाही, डांबरी सडक तीन किलोमीटरवर. हा भाऊ ट्रॉलीत कडब्याच्या पेंढ्या आडव्या लावायचा, त्यावर गादी, गादीवर मेणकापड. मग पहिल्या गिअरात, चाक खड्ड्यात जाणार असं दिसलं की थांबून, उतरून, दगड टाकून, पुन्हा चालू. तीन किलोमीटरला तास लागे. डिझेलचे पैसे त्याने एकदाही घेतले नाहीत.

मला माझ्यापुरतं उत्तर सापडलंय आणि ते स्पष्ट सांगतो. धर्म हातात असतो. गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. २० डिसेंबर १९५६ ला त्यांनी प्राण सोडला तो वलगावजवळ, याच पेढी नदीच्या पुलावर. गावात आले की आधी खराटा, दिवसभर झाडलोट, आणि रात्री कीर्तन. पंढरपुरात त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या. तिथली चोखामेळा धर्मशाळा तर पुढे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. देव माणसात आहे हे ते नुसतं बोलले नाहीत.

माझा मुलगा सातवीत आहे. तेरवीहून येताना त्याने विचारलं, "बाबा, दादाजी मोठे की ट्रॅक्टरवाले काका?" मी पटकन म्हटलं, काका. तेव्हापासून मनाला चैन नाही. दादाजींच्या मांडवातून उठून मी हे बोललो. तुम्ही काय सांगितलं असतं?

कौंडण्यपूरकर

रामकृष्णहरी. माझं वय एकाहत्तर. मी सांगतो, नातू लिहितो.

तुमच्या पोराला तुम्ही जे सांगितलं ते मला पटलं नाही, आणि का पटलं नाही ते ऐका. माझी घरवाली गेली दोन वर्षं खाटेवर आहे. अर्धांगवायू झाला. उजवा हात, उजवा पाय गेला. आता ती कोणाचं पाणी भरू शकत नाही, कोणाचं अंगण झाडू शकत नाही. धर्म हातात असतो म्हणता, तर मग तिचा धर्म संपला का? ती पहाटे उठते, डाव्या हातात माळ घेते, जीभ जड झाली आहे तरी नाम घेते. त्या घटकेला तिच्या तोंडावर जे असतं ते मी वारीच्या वाटेवरही पाहिलं नाही. ज्याचे हातपाय चालतात त्यानेच कर्म मोठं म्हणावं. नाम खाटेवरच्यालाही घेता येतं, म्हणून संतांनी ते दिलं.

चोखोबाला देवळाच्या आत येऊ दिलं नाही. कर्माच्या सगळ्या वाटा ज्याला बंद केल्या, त्याच्यापाशी काय उरलं होतं? तेवढ्यावर तो माणूस उभा राहिला आणि आज महाद्वारापाशी त्याची समाधी आहे.

दुसरं माझं स्वतःचं. २०१७ साली बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली. एक एक बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी. चार एकरांत घरी न्यायला काही राहिलं नाही आणि अंगावर सोसायटीचं आणि सावकाराचं, दोन्ही कर्ज. त्या दिवाळीत मी रात्री वावरात एकटा बसून राहिलो होतो. घरी फवारणीचं औषध होतं. जास्त सांगत नाही. त्या रात्री कोणाचं सत्कर्म माझ्यापर्यंत पोचलं नाही. पाठ होता तो हरिपाठ. म्हणत म्हणत उजाडलं आणि मी घरी आलो.

तुमच्या दादाजींनी चाळीस वर्षं ओट्यावर जे जागतं ठेवलं, ते अशा कोण्या रात्री कोणाच्या कामी आलं असेल, ते तुम्हाला कसं कळणार?

निळी_पहाट

जयभीम. बाबांचं लिहिणं वाचून गप्प झाले. बाबा, त्या रात्री तुम्ही घरी आलात, फार बरं झालं.

माझं थोडक्यात. माझ्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली. भंडाऱ्याकडून बैलबंडीने आणि पुढे पायी गेले होते. आमच्या घरी कोणाला तारणारा देव नाही. पंचशील आहे, बावीस प्रतिज्ञा आहेत, म्हणजे वागण्याचंच सगळं. म्हणून मला वाटायचं की आमच्याकडे हा प्रश्न येतच नाही. पण विहारात भन्तेजींनी पंचबल शिकवताना सांगितलं की पाच बलांत पहिलं श्रद्धा आहे आणि शेवटचं प्रज्ञा. आणि बुद्धांनी कर्म म्हणजे काय ते सांगताना चेतनेलाच कर्म म्हटलं आहे. म्हणजे हाताने काय केलं याच्या आधी कोणत्या मनाने केलं ते येतं. धागाकर्त्यांनी हात आणि मन असे दोन ढीग केले आहेत, ते मला करता येत नाहीत.

तुरीची_शेंग

मी इथे फारसं लिहीत नाही. पण खाटेवरच्या माणसाचा विषय निघाला म्हणून लिहिते.

माझं सासर यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे. सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं पण त्या पुन्हा उभ्या राहिल्याच नाहीत. नऊ वर्षं त्यांचं सगळं मी केलं. सगळं म्हणजे सगळं. सकाळी गरम पाण्याने अंग पुसणं, चादर बदलणं, दर दोन-तीन तासांनी कूस बदलणं, नाहीतर पाठीला जखमा होतात. वेचणीच्या दिवसांत वावरातून दुपारी पळत घरी यायचं, कूस बदलायची, परत जायचं. गावात माझं नाव झालं. बाया म्हणायच्या, "सून असावी तं अशी."

पण खरं काय होतं ते फक्त दोघींना माहीत होतं. मी ते सगळं रागाने करत होते. लग्न झाल्यावर त्यांनी मला जे बोललं होतं, माहेराहून काय आणलं आणि काय नाही यावरून, ते मी विसरले नव्हते. तोंडातून एक शब्द काढत नसे, पण हात रागाचा होता. फडकं पिळून पाठीवरून फिरवायचं ते भांडं घासल्यासारखं. एकदा कूस बदलताना त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "माय, काम करतं तू, पण तुह्या हाताचं भेव वाटते मले." मी त्या दिवशी चुलीपुढे बसून खूप रडले. सेवेत काही म्हणजे काही कमी नव्हतं. एक जखम होऊ दिली नव्हती मी. आणि तिला माझ्या हाताची भीती वाटत होती.

आमच्या गल्लीत एक म्हातारी बाई होती, गजानन महाराजांची भक्त, शेगावला सेवेला जाऊन आलेली. तिला मी हे सांगितलं. ती उपदेश करत बसली नाही. म्हणाली, "फडकं हाती घेतलं की एक डाव गण गण गणात बोते म्हणत जाय, मंग हात लाव." मला तेव्हा फारसा विश्वास नव्हता. पण दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून करू लागले. पहिले कितीतरी दिवस नुसते ओठ हलत. मग एवढंच झालं की हात लावायच्या आधी मी घडीभर थांबू लागले. त्या थांबण्यात काय होतं ते मला सांगता येत नाही. पाणी जास्त कढत आहे का ते मी आधी मनगटावर पाहू लागले. त्यांच्या कानामागचं पुसू लागले, जे इतकी वर्षं राहूनच जात होतं. शेवटच्या दोन वर्षांत त्या मला बाई म्हणायच्या, त्यांच्या मेलेल्या लेकीला म्हणायच्या तसं.

कर्म आधीही तेच होतं आणि नंतरही तेच. गावाला फरक कळला नाही. अंगाला कळला. म्हणून कोणी नुसतं कर्म मोठं म्हटलं की मला माझी ती पहिली सात वर्षं आठवतात.

कारंजेकर

ताई, सलाम तुम्हाला. आमच्याकडे कुराणात ईमान, म्हणजे श्रद्धा, आणि नेक अमल, म्हणजे सत्कर्म, जागोजागी जोडीने येतात. आणि पैगंबरांची हदीस प्रसिद्ध आहे, सगळी कामं नियतीवर, म्हणजे हेतूवर अवलंबून असतात. तुमचं वाचल्यावर ती हदीस आज नव्याने समजली.

धामकाठी

ताईंनी जे लिहिलं त्याला विनोबांनी नाव दिलं आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. चौथ्या अध्यायावर बोलताना विनोबा म्हणतात की बाहेरच्या कर्माला आतून मनाच्या कामाची जोड लागते, त्या आतल्या कामाला ते विकर्म म्हणतात. दोन्ही मिळाली की कर्माचं ओझं उरत नाही. ताईंच्या फडक्याचं वजन ज्या दिवशी उतरलं तो दिवस हाच.

गीतेच्या सतराव्या अध्यायाचा शेवटचा श्लोकही पाहा. अश्रद्धेने केलेलं हवन, दान, तप, सगळं असत्, त्याचा इथेही उपयोग नाही आणि मेल्यावरही नाही. फार कठोर श्लोक आहे. मला तो पूर्ण पचत नाही, कारण रागाच्या हाताने पुसलेल्या पाठीलाही जखम झाली नव्हती, त्याचा 'इथे' उपयोग झालाच की.

पण धागाकर्त्यांना दुसऱ्या बाजूनेही आठवण देतो. सेवाग्रामला परचुरे शास्त्री आले तेव्हा त्यांना कुष्ठरोग होता. मोठे संस्कृत पंडित. गांधीजी त्यांना स्वतः मालिश करत. त्या काळात नुसती प्रार्थना करून त्यांना आश्रमाबाहेर ठेवलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. सेवाग्रामची रोजची प्रार्थना आणि ती मालिश, दोन्ही एकाच माणसाच्या एकाच दिवसात होत होती.

परतवाड्याची_सिस्टर

या धाग्यावर आमच्या घरातला जुना वाद निघाला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आम्ही ख्रिस्ती. आई कुष्ठरोगाच्या दवाखान्यात परिचारिका होती, मीही परिचारिकाच झाले, आता निवृत्त.

विश्वास की कर्म, हा प्रश्न आमच्याकडे इतका मोठा आहे की त्यावरून मंडळी दुभंगली. बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौल रोमकरांस पत्रात लिहितो की माणूस नियमशास्त्रातल्या कर्मांवाचून, विश्वासाने नीतिमान ठरतो. त्याच नव्या करारात याकोब आपल्या पत्रात लिहितो की कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे. गंमत नाही, खरं सांगते, दोघेही दाखला एकाच माणसाचा देतात, अब्राहामाचा. पौल म्हणतो, अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला तो त्याच्या पदरी जमा झाला. याकोब म्हणतो, त्याने आपल्या मुलाला, इसहाकाला, देवासाठी वेदीवर ठेवलं तेव्हा तो कर्मांनी नीतिमान ठरला नाही काय? जर्मनीतला धर्मसुधारक ल्यूथर पौलाच्या बाजूचा. १५२२ मध्ये त्याने नवा करार जर्मन भाषेत आणला तेव्हा रोमकरांच्या त्या वचनात 'केवळ' हा शब्द घातला, केवळ विश्वासाने, आणि याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीचं पत्र म्हटलं. रोमच्या, म्हणजे कॅथलिक, बाजूने ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ मध्ये त्याला उत्तर दिलं. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे ल्यूथरन आणि कॅथलिक यांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यात मान्य केलं की माणूस देवाच्या कृपेनेच स्वीकारला जातो, आणि सत्कर्मं त्यातून फळासारखी येतात. एवढ्यासाठी साडेचारशे वर्षं गेली.

माझे वडील पौलाचे. म्हणायचे, कर्माने तारण, म्हणजे उद्धार, मिळत असेल तर माणूस हिशेब मांडून बसेल, मी इतकं केलं, तू काय केलंस. तुमच्या मांडवात नेमकं तेच झालं ना? दादाजींचा हिशेब काढला गेला.

आई याकोबाची. ती वाद घालत नसे. कुष्ठरोग्याच्या पायाला संवेदना नसते, काटा रुतला तरी कळत नाही, जखम हाडापर्यंत जाते. रोज संध्याकाळी ती एकेकाचा पाय पाण्यात भिजवून, मांडीवर घेऊन, तळवा बोटांनी चाचपून बघायची. मी लहानपणी जवळ बसून पाहिलं आहे. मी विचारलं, आई, तू प्रार्थना कधी करतेस? तिने पाय खाली ठेवला नाही. म्हणाली, "आत्ता काय करून राहिली मी?"

आणि मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचं जे आहे ते धागाकर्त्यांनी जरूर वाचावं. ज्यांनी भुकेल्याला खाऊ घातलं, आजाऱ्याला भेट दिली, त्यांना राजा म्हणतो, ते तुम्ही मला केलं. तर ते गोंधळतात, प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं? त्यांना माहीतच नसतं. तुमच्या ट्रॅक्टरवाल्या भाऊंना एकदा विचारा तरी.

मोझरीवाला

मी वर्षातून दोनदा तरी गुरुकुंजला, तुकडोजी महाराजांच्या मोझरीच्या आश्रमात, जातो. पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो माणसं एकदम शांत उभी राहतात, ते एकदा अनुभवा. महाराजांनी १९३५ ला गुरुकुंज उभारलं तेव्हापासून सकाळचं ध्यान, ग्रामसफाई आणि संध्याकाळची प्रार्थना हे एकच काम आहे. आपण गावोगावी त्याचे तुकडे केले. ज्याला सोपं वाटलं त्याने तेवढा तुकडा उचलला. धागाकर्ते, तुम्ही स्वतः दोहोंपैकी काय करता ते तुम्ही लिहिलं नाही. राग मानू नका.

पेढीकाठचा

राग नाही. मी काय करतो? प्रार्थनेला आठवड्यातून एखाद वेळ बसतो. खराटा गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला धरतो, फोटोपुरता नाही, पण वर्षातून एकदाच. तुम्ही विचारलं ते बरोबर विचारलं.

सिस्टरताईंचं वाचून काल ट्रॅक्टरवाल्या भाऊकडे गेलो. तो ट्रॉलीच्या चाकाचं बेअरिंग काढून ग्रीस भरत होता. मी सरळ विचारलं, भाऊ, तू देवाधर्माचं मानत नाहीस का? तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला,

"काऊन नाई मानत? तुमाले कोनं सांगतलं?"

म्हटलं, ओट्यावर कधी दिसत नाहीस.

"ओट्यावर बस म्हनून कोनी म्हटलंच नाई. माहा बाप ओट्याखाली बसे, जोड्यापाशी. मंग मी विहिरीच्या कठड्यावर बसतो. तिथून सारं आयकू येते. पाठ हाय मले पूर्ण."

मी तीस-पस्तीस वर्षं त्या ओट्यावर येतो-जातो. विहिरीच्या कठड्यावर कोणी बसलेलं असतं हे मला माहीत होतं. अंधारात बिडीचं टोक दिसायचं. तो कोण ते कधी पाहिलं नाही. आमच्या ओट्यावर सगळे धर्म सारखे असं रोज म्हणतात, आणि पायरीच्या खाली कोण बसलं आहे ते कोणी विचारलं नाही. त्यात मी आहे. मुलाला मी जे उत्तर दिलं त्यात ट्रॅक्टरवाल्या काकांना मी मोठं केलं, पण तो माणूस आतून काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. दादाजींचंही नव्हतं.

कारण पुढचं ऐका. मी विचारलं, दादाजींनीही कधी बोलावलं नाही? तो थोडा वेळ ग्रीस भरत राहिला.

"म्हटलं होतं. शेवटच्या खेपेले, ट्रॉलीत. म्हने, आता वर येत जाय रे. मी म्हटलं, आधी तुमी बरे व्हा. मंग ते प्रार्थना म्हनू लागले. इंजिनच्या आवाजात त्याइचा आवाज काई पुरे नाई. ते एक ओळ म्हनत, मी समोरून दुसरी म्हनो, वरडून. सडक येईपर्यंत झाली सारी."

ताई, बाबा, सगळ्यांचं मी पुन्हा एकदा वाचणार आहे. मुलालाही वाचायला देणार आहे. काल रात्री त्याला एवढंच सांगितलं की माझं उत्तर घाईचं होतं, आणि ट्रॉलीतली गोष्ट सांगितली. त्याने विचारलं, मग आता खंजेरी कोण वाजवणार?

निघताना भाऊनेही तेच विचारलं होतं, दादाजीची खंजेरी कोनापाशी हाय? ती त्यांच्या घरच्यांनी तेरवीनंतर मला दिली होती, आमच्या माजघरात खुंटीला आहे. आज दुपारी काढून पुसली. साडेसहाला प्रार्थना आहे. सहा वाजता मी ती घेऊन त्याच्या घरी जातोय.